तिसरी लाइन आधी लिहा: आइस हॉकीची आघाडी फळी बांधताना

आइस हॉकीचा संघ निवडायला बसलं की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. सर्वाधिक गोल मारणारे तिघे पहिल्या लाइनमध्ये (लाइन म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारे आघाडीचे तीन खेळाडू), त्यांच्या खालचे तिघे दुसऱ्या, उरलेले तिसऱ्या. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभं करतात ना, तसं. मीही पहिल्या वर्षी हेच केलं. पहिला पिरियड संपला तेव्हा आम्ही दोन गोलांनी पुढे होतो आणि मी मनातल्या मनात पेढे वाटत होते. तिसऱ्या पिरियडला आमचे तेच तिघे गुडघ्यांवर हात ठेवून उभे, आणि समोरच्यांची तिसरी लाइन, जिच्यातल्या एकाचाही नंबर मी वहीत टिपला नव्हता, आमच्या गोलसमोर मुक्काम ठोकून. सामना गेला. परतीच्या गाडीत आमच्या अकरा नंबरने वरच्या बर्थवरून विचारलं, "ताई, मी आज एकूण किती मिनिटं खेळले?" ती तिसऱ्या लाइनची. मला सांगता येईना. हिशेब केला तेव्हा आकडा चारच्या वर जाईना.

तेव्हापासून मी कागद उलटा धरते. आधी तिसरी लाइन, मग वरच्या दोन. या लेखात ती पद्धत पायरीपायरीने सांगते. लिहिताना डोळ्यांसमोर मुंबईतली मुलं आहेत: सोसायटीच्या आवारात किंवा सिमेंटच्या रिंकवर इनलाइन स्केट्सवर हॉकी शिकलेली आणि वर्षातून एकदोनदा डेहराडूनच्या हिमाद्री रिंकवर नाहीतर लेहच्या गोठलेल्या तळ्यावर खऱ्या बर्फाला पाय लावणारी. मुंबईत पूर्ण मापाचा बर्फाचा रिंक नाही. गोराईच्या एस्सेलवर्ल्डमधला छोटा रिंक आठवणाऱ्या पिढीलाही तिथे हॉकी खेळलेली आठवणार नाही, फार तर आपटलेलं आठवेल. पहाटे उठून एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातली व्यावसायिक लीग, बघणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी सेकंदांचा हिशेब

बर्फावर एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण असतात: एक गोली (गोलरक्षक), दोन डिफेन्समन, तीन फॉरवर्ड. फॉरवर्डांत मधला सेंटर आणि दोन बाजूंचे दोन विंगर. या तिघांची मिळून एक लाइन. खेळ चालू असतानाच लाइन बदलते, पंचांची परवानगी लागत नाही. बदलावीच लागते, कारण शिफ्ट, म्हणजे एका दमात बर्फावर घालवलेला वेळ, ही पूर्ण ताकदीने मारलेली धाव असते. चाळीस-पंचेचाळीस सेकंदांत मांड्या भरून येतात. त्यानंतरही जो बर्फावर राहतो तो नुसता उभा असतो, त्याला फक्त आपण खेळतोय असं वाटत असतं.

आता भागाकार करा. सामना ६० मिनिटांचा, वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड, म्हणजे ३,६०० सेकंद. ४५ सेकंदांची शिफ्ट धरली तर ८० शिफ्ट. दोनच लाइन खेळवल्या तर प्रत्येकीला ४० शिफ्ट, जितका वेळ खेळ तितकीच विश्रांती. तीन लाइन असतील तर प्रत्येकीला साधारण २७, आणि खेळाच्या दुप्पट विश्रांती. चार असतील तर २० शिफ्ट आणि तिप्पट विश्रांती. खेळ थांबल्यावर मिळणारे क्षण यात धरलेले नाहीत, पण प्रमाण हेच राहतं. पिरियड वीसऐवजी पंधरा मिनिटांचा असला तर शिफ्ट कमी होतात, प्रमाण बदलत नाही.

एनएचएलमध्ये सामन्याला २० जण गणवेशात असतात: १८ खेळाडू आणि २ गोली. त्या १८ मध्ये बहुधा १२ फॉरवर्ड आणि ६ डिफेन्समन, म्हणजे चार लाइन आणि तीन जोड्या. वरच्या लाइनचा फॉरवर्ड वीस मिनिटांच्या आसपास खेळतो, चौथ्या लाइनचा दहाच्या आसपास. आपल्याला चार लाइन भरण्याइतकी मुलं मिळत नाहीत. ओढूनताणून भरल्या तर चौथी लाइन नुसती हजेरीपुरती राहते. मुंबईच्या संघाने नऊ फॉरवर्ड, पाच डिफेन्समन आणि दोन गोली एवढं नीट जमवावं. तीन खऱ्या लाइन चार कागदी लाइनपेक्षा कधीही बऱ्या.

पहिली पायरी: हात बघा

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट ही. आइस हॉकीच्या स्टिकचं पातं एका बाजूला वळलेलं असतं, त्यामुळे खेळाडू डावा किंवा उजवा ठरतो. स्टिकवर खालचा हात उजवा असेल तर उजवा शॉट, डावा असेल तर डावा. कॅनडात बहुतेक उजव्या हाताच्या मुलांचा जोरकस हात वर ठेवायची सवय असते, म्हणून तिथे डावे शॉट जास्त सापडतात.

आपल्याकडे उलटं. आपली मुलं तीन वर्षांची असल्यापासून बॅट धरतात. उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा हात वर, उजवा खाली. मैदानी हॉकीत तर डाव्या स्टिका नसतातच, सगळ्यांचा डावा हात वर आणि उजवा खाली. हीच पकड बर्फावर आली की झाला उजवा शॉट. आमच्या पहिल्या संघात एक सोडून सगळे उजवे होते, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं, कारण सगळे सारखेच दिसत होते.

यातून अडचण कुठे येते? डावा विंगर आपल्या भागात रिंकभोवतीच्या कुंपणाच्या डाव्या फळ्यांना लागून उभा असतो आणि डिफेन्समनकडून येणारा पास घेऊन बाहेर पडायचा असतो. डाव्या शॉटला तो पास पात्याच्या सरळ बाजूवर मिळतो. उजव्या शॉटला तो उलट्या बाजूवर घ्यावा लागतो, पक (खेळायची रबरी चकती) उडतो, आणि समोरचा डिफेन्समन नेमका त्याच्यावरच टपलेला असतो. सामन्यात आपला संघ आपल्याच भागातून बाहेर पडत नसेल, तर आधी डावी फळी बघा. दहापैकी सात वेळा घोडं तिथेच अडलेलं असतं.

उपाय दोन. पहिला, डावखुरे फलंदाज शोधा. ही गंमत नाही. ज्या मुलाची बॅट डावी, त्याची स्टिकही बहुधा डावी पडते. त्याला विनाकारण उजव्या विंगला टाकून वाया घालवू नका. दुसरा, जे उजवे डाव्या विंगला खेळणारच आहेत त्यांच्याकडून उलट्या पात्यावर पास घेण्याचा सराव करून घ्या. रोज पन्नास, भिंतीवर आपटून परत येणारे. कंटाळवाणं काम आहे, पण त्यांना एक आमिष दाखवता येतं. उजव्या शॉटचा माणूस डाव्या बाजूला असला की समोरून आडवा आलेला पास न थांबवता थेट मारता येतो. अलेक्झांडर ओव्हेच्किन उजव्या शॉटचा आणि डावा विंगर. डाव्या वर्तुळातून असे शॉट मारत मारत त्याने ६ एप्रिल २०२५ रोजी ८९५ वा गोल केला आणि एनएचएलमधला वेन ग्रेट्झ्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला. हे सांगितल्यावर आमच्याकडे डाव्या विंगसाठी भांडणं लागली.

वहीत प्रत्येक नावापुढे पहिला शब्द हाच लिहा: डावा की उजवा. वेग आणि गोल नंतर.

दुसरी पायरी: मुंबईत जोड्या, बर्फावर तिसरा

इनलाइन हॉकीत गोली सोडून चार जण खेळतात, आइस हॉकीत पाच. बरेच जण याला कमतरता मानतात. माझ्या दृष्टीने ती सोय आहे. चार जणांच्या खेळात पुढे दोघेच असतात, म्हणजे वर्षभर आपोआप जोड्या घडत राहतात. आणि चांगली लाइन तीन जणांची दिसली तरी ती बहुतेक वेळा एका जोडीवर उभी असते. तिसरा बदलला तरी जोडी चालते. जोडी तुटली की मात्र लाइन बसते.

जोडी ठरवायची कशी? गोल मोजू नका. सरावाच्या सामन्यात गोल फार थोडे होतात आणि त्यात नशीब फार असतं. मी दोन रकाने आखते. पहिल्यात ही जोडी मैदानावर असताना आपण समोरच्या गोलच्या अगदी पुढून मारलेले शॉट, दुसऱ्यात त्याच वेळात आपल्या गोलच्या पुढून खाल्लेले. कोपऱ्यातून मारलेला शॉट धरायचा नाही, कितीही जोरात असला तरी. नोंद कुणा पालकाकडे द्या. बाकावर बसून फोन बघण्यापेक्षा बरं, आणि त्यांनाही खेळ कळायला लागतो. सहा-सात सराव झाले की काही जोड्यांचा पहिला रकाना सतत भरत जाताना दिसतो. त्या जोड्या मोडायच्या नाहीत, दोघांची कितीही भांडणं असोत.

आमच्याकडे सात नंबर आणि एकोणीस नंबर एकमेकांशी नीट बोलतही नाहीत. एक मुलुंडचा, एक पार्ल्याची. लोकल सुटली म्हणून उशीर झाला की दोष कुणाचा यावरून सुरू होतात ते थेट स्केट्सच्या नाड्या बांधेपर्यंत. पण पक कुठे जाणार हे दोघांना एकाच क्षणी कळतं.

एक सावधगिरी. बर्फावरच्या पहिल्या सत्रात काहीच ठरवू नका. इनलाइनवर सराईत असलेल्या मुलांनाही बर्फावर आडवं घसरत थांबणं पहिल्या दिवशी येत नाही, मग ती वळसा घालून थांबतात आणि वेगवान मुलगा मठ्ठ वाटतो. दोन सत्रं जाऊ द्या. शिवाय समोरच्यांच्या भागाची सीमा दाखवणारी निळी रेषा इनलाइनच्या रिंकवर नसते, त्यामुळे पक आत जायच्या आधी खेळाडू आत शिरतो आणि ऑफसाइड होतो. तोही दोष खेळाडूच्या खात्यात टाकू नका, सवयीचा आहे.

तिसरी पायरी: तीन सेंटर

आता नऊ जणांतून तीन सेंटर बाजूला काढा. सेंटरला फेसऑफ (खेळ सुरू करताना दोघांमध्ये टाकलेला पक मिळवणं) घ्यायचा असतो, पण ते त्याच्या कामातलं सगळ्यात छोटं काम. आपल्या भागात तो तिसरा डिफेन्समन असतो: गोलसमोर आणि कोपऱ्यात खाली उतरतो. पक मिळाला की मधून वर येऊन पास मागतो. म्हणजे विंगरपेक्षा जास्त अंतर कापतो, आणि चूक केली तर ती थेट गोलसमोर होते.

म्हणून सेंटर निवडताना शॉट बघू नका, मान बघा. पक आपल्याकडे यायच्या आधी जो डावी-उजवीकडे मान वळवून बघतो, तो सेंटर. आमच्या संघात हे काम सगळ्यात आधी ज्या मुलीला जमलं ती मुळात कबड्डीत कव्हर खेळायची. चढाईपटूच्या पायांवर नजर ठेवून साखळी कधी मिटवायची हे तिला सांगावं लागत नव्हतं.

तिन्ही सेंटर सारख्या ताकदीचे मिळणार नाहीत. तरी तिन्ही लाइनवर खरा सेंटर हवाच. तिसऱ्या लाइनमध्ये 'कुणीतरी मध्ये उभं राहा' असं चालत नाही. तिसरा सेंटर सापडत नसेल तर दुसऱ्या क्रमांकाचा डिफेन्समन सेंटरला आणून बघा. आपल्याकडे हा प्रयोग अनेकदा जमतो, कारण त्याला मागे यायची सवय असते.

चौथी पायरी: तिसरी लाइन भरा

सेंटर ठरले, जोड्या ठरल्या. आता सगळ्यात चांगली जोडी पहिल्या लाइनला लावायचा मोह होतो. थांबा. आधी तिसऱ्या सेंटरशेजारी कोण बसेल ते लिहा, आणि तिथे निदान एक असा खेळाडू द्या जो वरच्या लाइनमध्येही शोभला असता.

याचा मला पटलेला पुरावा २०१६ चा. पिट्सबर्ग पेंग्विन्सकडे सिडनी क्रॉस्बी आणि येव्गेनी माल्किन असे दोन जगप्रसिद्ध सेंटर होते. मार्चमध्ये माल्किन जखमी झाला. त्या काळात कार्ल हॅगलिन, निक बोनिनो आणि फिल केसल ही लाइन जुळली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून लोक तिला एचबीके म्हणायला लागले. माल्किन परत आल्यावर प्रशिक्षक माइक सलिव्हन यांनी केसलला उचलून त्याच्याशेजारी नेलं नाही. लाइन तशीच ठेवली. गोल मारणारा नावाजलेला विंगर तिसऱ्या लाइनवर! समोरच्या संघाचे चांगले डिफेन्समन क्रॉस्बी आणि माल्किनच्या मागे, आणि केसलच्या वाट्याला उरलेले. प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, संघातले सर्वाधिक गुण (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) केसलचे, २२. अंतिम फेरीत सॅन होजेला सहा सामन्यांत हरवून त्यांनी एनएचएलच्या अजिंक्यपदाचा स्टॅन्ली कप नेला.

उलट बाजूही बघा. २०२४ च्या प्लेऑफमध्ये एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडने ४२ गुण मिळवले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. कप मात्र फ्लोरिडाने नेला. पुढच्या वर्षी पुन्हा हेच दोन संघ, पुन्हा फ्लोरिडा, आणि या वेळी त्यांच्या तिसऱ्या लाइनवर आंतोन लुंडेल आणि एटू लुओस्टारिनेन यांच्यासोबत ब्रॅड मार्शां. बॉस्टनचा हा जुना मोहरा त्यांनी मार्चमध्येच आणला होता. यावरून मॅकडेव्हिड कमी पडला असं कुणी म्हणू नये. एक माणूस बर्फावर फार तर पंचवीस मिनिटं असतो. उरलेल्या पस्तीस मिनिटांत काय होतं, हा प्रश्न तिसऱ्या लाइनला विचारायचा.

दहीहंडीच्या सरावाला गेलात तर वरच्या थरावर कोण चढणार याची चर्चा कमी आणि तिसऱ्या थरात कोण डगमगतंय याची जास्त ऐकू येते. तसं.

तिसऱ्या लाइनला कामही नेमून द्या. दोनच पर्याय आहेत. एक, समोरच्यांच्या सर्वोत्तम लाइनला जखडून ठेवायचं. टॅम्पा बेने फेब्रुवारी २०२० मध्ये ब्लेक कोलमन आणि बार्कले गुड्रो असे दोन मेहनती फॉरवर्ड मिळवले, आणि दोघांसाठी ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटणीतली, पहिल्या फेरीची एकेक निवड मोजली. तेव्हा किंमत जास्त वाटली होती. यानी गूर्डच्या दोन बाजूंना ते बसले आणि संघाने २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन कप जिंकले. दुसरा पर्याय केसलचा: समोरच्यांच्या कमकुवत जोडीवर गोल करायचे. आपल्या मुलांकडे बघून एक निवडा. 'दोन्ही करा' असं सांगितलं तर ती एकही करत नाहीत.

पाचवी पायरी: उरलेल्या खुर्च्या

वरच्या दोन लाइन भरताना मी प्रत्येक खेळाडूला तीनपैकी एक शब्द देते. पक नेणारा, पक मारणारा, पक काढणारा. नेणारा रेषा ओलांडून पक आत घेऊन जातो. मारणारा गोलसमोर मोकळी जागा शोधतो. काढणारा कोपऱ्यात फळ्यांशी झटून पक बाहेर काढतो. एका लाइनमध्ये तिघे तीन प्रकारचे असावेत. तीन मारणारे एकत्र आले की तिघेही पासची वाट बघत उभे राहतात, आणि कोपऱ्यात पक एकटा. हेच चित्र मी पहिल्या वर्षी पैसे खर्चून डेहराडूनला नेलं होतं.

काढणाऱ्याचं नाव गोलांच्या यादीत दिसत नाही म्हणून त्याला निवडताना हात आखडतो. मुलांनाही हे काम नको असतं. मी त्याच्यासाठी वहीत वेगळा रकाना ठेवला आणि दर रविवारी मोठ्याने वाचून दाखवायला लागले. महिन्याभरात दोन उमेदवार वाढले.

दुसरी कसोटी वेगाची. एका लाइनमधल्या तिघांचा वेग साधारण जुळला पाहिजे. दोन वाऱ्यासारखे आणि एक मागे असं झालं की पहिले दोघे निळ्या रेषेवर थबकतात, चढाईचा जोर तिथेच जातो. हळू खेळाडू वाईट नसतो, त्याला हळू लाइनमध्ये बसवा. तिथे तो पक धरून ठेवेल आणि समोरच्यांना दमवेल.

तिसरी कसोटी मागे राहण्याची. समोरच्यांच्या भागात चढाई करताना पहिला पकवर जातो, दुसरा फळ्यांकडचा पास अडवतो, तिसरा वर थांबतो म्हणजे पक निसटला तर परतायला कुणीतरी असतं. प्रत्येक लाइनमध्ये असं थांबणारा एक तरी जन्मजात हवा. नसेल तर ओरडून ओरडून तुमचा घसा बसतो.

दोन सर्वोत्तम खेळाडू एकत्र ठेवावेत की वेगळे, हा वाद एडमंटनमध्येही मॅकडेव्हिड आणि लिऑन ड्रायसायटल यांच्यावरून वर्षानुवर्षं चालू आहे. माझा नियम साधा: सुरुवात वेगळे ठेवून. पॉवर प्लेला, म्हणजे समोरचा एक जण शिक्षेत बसलेला असताना, एकत्र. शेवटची पाच मिनिटं उरली आणि गोल हवाच असेल तर पुन्हा एकत्र. पहिल्या पिरियडपासून एकत्र ठेवलेत तर शेवटी बाहेर काढायला हुकमाचं पान उरत नाही.

सहावी पायरी: पेनल्टीनंतरची पहिली शिफ्ट

पॉवर प्ले आणि पेनल्टी किलचे (आपला एक जण शिक्षेत असतानाचे) गट लाइन मोडून बनतात, त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही. विसरतात ते पुढचं. दोन मिनिटं संपली की कोण ताजं आणि कोण दमलेलं याचा घोळ होतो. पेनल्टी किलला पहिल्या आणि दुसऱ्या लाइनमधले चौघे झिजलेले असतात. तेव्हा 'किलनंतर तिसरी लाइन' हे आधीच ठरवा. सामन्याआधी बाकावर एकदा सांगा, म्हणजे त्या क्षणी कुणी तुमच्या तोंडाकडे बघत बसत नाही. तिसऱ्या लाइनला ही शिफ्ट आपली आहे हे कळलं की ती त्या दोन मिनिटांत स्वतःहून उभी राहते.

डिफेन्सच्या जोड्या या लेखाचा विषय नाहीत. एवढंच सांगते की चार डिफेन्समनवर सामना काढता येतो, पाचवा हाताशी असेल तर बरं.

सातवी पायरी: बाकावरची शिस्त

कागदावर समतोल असलेला संघ बदलाच्या घोळात बुडतो. पक समोरच्यांच्या भागात खोल गेला की बदला. पक आपल्याकडे येत असताना कधीही नाही. कोण कुणाच्या जागी जाणार हे ठरलेलं असावं, डाव्या विंगच्या जागी डावी विंग. नाहीतर एक जास्त खेळाडू बर्फावर जातो आणि संघाला दोन मिनिटांची शिक्षा होते. आमच्याकडे पुढची लाइन उभी राहून आपल्या माणसाचा नंबर ओरडते. फार शहाणपणाचं दिसत नाही, पण चालतं.

दुसऱ्या पिरियडला बाजू बदलतात आणि आपला बाक आपल्या गोलपासून लांब जातो. पहिल्या पिरियडला सहज जमलेला बदल आता जिवावर येतो. दुसऱ्या पिरियडला शिफ्ट पाच-सात सेकंद आखूड ठेवा. आणि आइसिंग केलेल्या, म्हणजे आपल्या अर्ध्यातून पक थेट समोरच्या गोलरेषेपलीकडे फेकलेल्या, संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेली लाइन घाबरून पक लांब फेकते, आइसिंग होतं, आणि तेच दमलेले तिघे पुन्हा आपल्याच भागात फेसऑफला उभे राहतात. बहुतेक गोल आम्ही असेच खाल्ले.

यजमान संघाला खेळ थांबल्यावर शेवटचा बदल करता येतो, म्हणजे समोर कोण आलंय ते बघून आपली लाइन उतरवता येते. स्पर्धेत एका संघाला यजमान म्हणून नेमलेलं असतं. आपण यजमान आहोत की नाही हे सामन्याआधी विचारा. मी दोन स्पर्धा हे न विचारता काढल्या.

बाक आखूड करायचा मोह, म्हणजे हळूहळू दोनच लाइन फिरवायच्या, हा एका गोलाने मागे पडल्यावर येतो. शेवटच्या पाच मिनिटांआधी त्याला बळी पडू नका. वरचं गणित पुन्हा बघा, दुप्पट विश्रांतीची एकपट होते.

खोली: यादीतली नव्हे, स्टेशनवर येणारी

एनएचएलमध्ये खोलीचा, म्हणजे वरच्यांच्या मागे किती चांगले खेळाडू आहेत याचा, प्रश्न पैशाचा आहे. २०२५-२६ ला प्रत्येक संघाच्या पगारांची कमाल मर्यादा ९५.५ दशलक्ष डॉलर्स आहे. वरच्या तिघाचौघांना भरपूर दिलं की तिसऱ्या लाइनसाठी चिल्लर उरते. आपल्याकडे प्रश्न वेगळा. जानेवारीत लेहला बर्फ असतो आणि जानेवारीतच दहावी-बारावीच्या प्रिलिम असतात. म्हणून आमच्या खोलीच्या तक्त्यात हात, जागा आणि काम यांच्यासोबत चौथा रकाना असतो: इयत्ता. आज सतरा वर्षांचे तीन सेंटर असतील तर दोन वर्षांनी आपल्याकडे एकही नसेल. प्रत्येक लाइनवर वेगवेगळ्या वयाची मुलं ठेवली तर परीक्षेने एकदम सगळी लाइन उचलली जात नाही.

पावसाळ्यात बाहेरचं सिमेंट ओलं असतं, बेअरिंगला गंज चढतो, सराव मोडतो. जून ते सप्टेंबर मी जागा बदलण्याचे वर्ग घेते, बंद हॉलमध्ये, स्केट्स न घालता, खडूने रिंक आखून. विंगरला सेंटरच्या जागी चालवायचं, डिफेन्समनला विंगला. चालत चालत. मोठी मुलं हसतात. पण राखीव म्हणून नेलेल्या दहाव्या फॉरवर्डची खरी किंमत इथे ठरते. तो नऊ जणांपेक्षा थोडा कमी चांगला असला तरी चालेल, पण सेंटर आणि विंग दोन्ही जागा त्याला आल्या पाहिजेत. एका जागेचा तज्ज्ञ दहावा म्हणून नेलात आणि जखमी झाला भलताच, तर तो रेल्वेचं तिकीट फुकट घालवून बसतो.

कुणी जखमी झालं तर सगळ्या लाइन ढवळू नका. जोड्या जागेवर ठेवून फक्त तिसरी खुर्ची भरा. पहिल्या लाइनचा विंगर पडला म्हणून दुसऱ्यातला वर, तिसऱ्यातला दुसऱ्यात असं केलं की एका जखमेने तीन लाइन मोडतात. दहाव्याला थेट पहिल्या लाइनमध्ये बसवायला धीर लागतो, पण शेजारी चांगली जोडी असली की तो निभावतो.

लेहला जाणार असाल तर एक वेगळा हिशेब करा. शहर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश. आपण समुद्राच्या काठचे लोक. पोहोचल्यावर पहिले दोन दिवस स्केट्स बॅगेतच ठेवा, तिकीट त्या हिशेबाने काढा. सामन्यात शिफ्ट तीस सेकंदांवर आणा. तीस सेकंदांची शिफ्ट म्हणजे ६० मिनिटांत १२० शिफ्ट, तीन लाइन असतील तर प्रत्येकी ४०. तिथे चौथी लाइन असती तर, असं मला दरवेळी वाटतं. लडाख स्काउट्स (लष्कराची रेजिमेंट) किंवा आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) यांसारख्या संघांतले खेळाडू त्याच हवेत सराव करतात. त्यांच्याशी पायांच्या जोरावर स्पर्धा करायला गेलात तर दहा मिनिटांत उत्तर मिळतं. तिथे तिन्ही लाइन सारख्या फिरवा, पक धरून ठेवणाऱ्या हळू लाइनला उलट थोडा जास्त वेळ द्या.

तक्ता छोट्या पुठ्ठ्यावर करा, खिशात मावेल एवढा. वर तिसरी लाइन, खाली दुसरी, मग पहिली, आणि कडेला किलनंतर कोण ते. पेन्सिलने लिहा. एक तर लाइन बदलत राहतात, आणि लेहच्या थंडीत बॉलपेनची शाई थिजते.